घराला भाव ऐकू जाऊ नये

शंकरच्या चहाच्या टपरीमागे उकळलेल्या चहापत्तीचा ढीग असतो. तो कोणी ठरवून करत नाही. येता-जाता गाळणी झटकली जाते, आणि एक दिवस पाहावं तर ढोपराएवढा ढीग! आमचे किस्सेही असेच साचले. फरक इतकाच, की त्या ढिगावर कोंबड्या येतात आणि आमचे किस्से आठवले की भेव येतं. लोक ऐकून हसतात. हसा बाप्पा. मीही हसत होतो, माझ्या घराची पाळी येईपर्यंत.

मी शिकलेला माणूस नाही. चौथीत मास्तरनं छडी मारली, मी पाटी त्याच्याच टेबलावर ठेवली आणि निघून आलो. जन्मभर मोहाडीच्या राईस मिलमध्ये पोती उचलली आणि त्यातून घर बांधलं. समोर सिमेंटच्या दोन खोल्या, मागे कवेलूची, म्हणजे कौलारू, एक. त्यात आता मी आणि माझी बुढी. मुलगा दिलीप नागपूरला फ्लॅटमध्ये राहतो. त्याचा फोन आला की शेवटचं वाक्य ठरलेलं, "बाबूजी, घराचं काही ठरवा ना जी." मी फोन ठेवून देतो. माझं ठरलेलं आहे. मी या घरातून चौघांच्या खांद्यावरच निघणार.

टपरीवर आम्ही तिघं. मी, बसचा रिटायर कंडक्टर मेश्राम, आणि हटवार. हटवारची धानाची शेती आहे आणि रोडवर टाईल्स लावलेलं दुमजली घर आहे. ते टाईल्सचं तो दर दोन वाक्यांनी सांगतो. शंकर चौथा, पण तो उभा असतो म्हणून धरत नाही.

हे लचांड आणलं हटवारनं. जावयानं त्याच्या फोनमध्ये टाकून दिलं. घराची माहिती भरायची, बटन दाबायचं, फोन घराचा भाव सांगतो. ना दलाल, ना पाहणारा, ना चहापाणी!

"आपल्याले विकाचं थोडी आहे," हटवार म्हणाला. "फक्त पाहाचं."

हे 'फक्त पाहाचं' जो बोलला, त्याची झोप गेली. तिघांचीही गेली.

*

आमच्याकडे एक रीत आहे. घरात बसून घराचा भाव करत नाहीत. घर ऐकते. बैल विकायचा असला तरी गोठ्यात बोलत नाहीत, मग हे तर घर! थट्टेत काही बोललं तर चालते. पण खरा सौदा करायचा असला की पायात चपला घालायच्या, फाटक ओढून घ्यायचं आणि रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. माझ्या बापानं आसगावचं घर विकलं तेव्हा तो भर उन्हात रस्त्यावर उभा राहून बोलला. माय आत चुलीवरच्या भाताची पेज काढत होती. घराला ऐकू गेलं नाही, आणि मायलाही नाही. तिला कळलं ते गाडीबैल दारात आल्यावर.

म्हणून आम्ही ठरवलं, भाव टपरीवरच काढायचा. इथून कोणाच्याच घराला ऐकू जात नाही.

आधी हटवारचं घर काढलं. फोननं एका फुटाचा भाव सांगितला. हटवार खूश. मग मेश्रामचं काढलं. त्याचं घर गल्लीत आत, सायकल आडवी लावली तर रस्ता बंद होतो. तोच भाव! मग माझं. तोच!

हटवारचा चेहरा उतरला. "माह्या टाईल्सच्या घराचा अन् याच्या कवेलूचा भाव एकच? मंग मी टाईल्स कायले लावल्या बे?"

"फोनले समजते," मी म्हणालो. "टाईल्सवर घसरून पडते माणूस."

मेश्रामनं चष्मा पुसला, फोन डोळ्याजवळ नेला आणि हळूच म्हणाला, "अरे, हा आपल्या घराचा भाव नोहे. आपण जिथी बसून राहिलो तिथला भाव सांगून राहिला तो. या टपरीचा!"

शंकरच्या हातातलं भांडं चुलीवरच राहिलं. चहा उतू गेला तरी त्याला समजलं नाही. टपरी नालीवर आहे. जागा त्याची नाही, त्याच्या बापाची नाही, कोणाची आहे ते विचारायची त्याची हिंमत नाही.

"म्हणजे... वर कोणाले माहीत आहे, इथी टपरी आहे म्हणून?" त्यानं आभाळाकडे पाहून विचारलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर शंकरनं साखरेचा रिकामा डबा पुढे केला. "चहा पाहिजे असन तर फोन याच्यात टाका. बंद करून!"

*

मग मेश्राम म्हणाला, घराची माहिती नीट भरावी लागते. खोल्या किती, बेडरूम किती, बाथरूम किती. मला काय ठाऊक? मी घरी आलो आणि फाटकातूनच बुढीला विचारलं, "आपल्याकडे बेडरूम किती व?"

बुढी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उन्हाळ्यात खाट आंगणात. पावसाळ्यात ओसरीत. थंडीत मागं, ढोल्याच्या खोलीत." ढोला म्हणजे धान भरायची शेणानं सारवलेली बांबूची कोठी. "किती झाल्या?"

"तीन," मी म्हणालो. "अन् बाथरूम?"

"एक. ते बी मागं सांदवाडीत, पेरूच्या झाडापाशी. पावसात छत्री घेऊन जा लागते. मले या गुडघ्यानं एका हातात छत्री अन् एका हातात बादली धरता येत नाही. छत्री धराले माणूस पाहिजे. तो कुठी असते? टपरीवर!"

मी बोटांवर मोजलं, तीन आणि एक.

"काहून विचारून राहिले पण?"

मी फोनचं सांगितलं. तिनं पटकन भिंतीकडे पाहिलं. "हळू बोला ना जी! घराच्या कानावर कायले घालता?" मग थोड्या वेळानं, तांदळातला खडा बाहेर टाकत, "किती म्हणते पण तो?"

"काहीच नाही म्हणत. थट्टा आहे."

"आमच्या बचत गटातल्या बायाही बोलत होत्या त्याचं," ती म्हणाली. "त्याले मोठाच फोन लागते का?"

"तुले काय करा लागते?" मी म्हणालो आणि टपरीवर गेलो. तीन बेडरूम सांगितल्यावर हटवार जळाला. त्याच्याकडे दोनच होत्या!

*

हटवारनं पुढे आपल्या घरात उभं राहून भाव काढला. रीत मोडली. आकडा भल्ला मोठा आला. तो आकडा त्यानं टपरीबाहेर उभं राहून दाखवला, सलूनमध्ये दाखवला, आठवडी बाजारात वांगी घेता घेता दाखवला.

आणि त्याचे दोन भाऊ पेढ्याचा डबा घेऊन आले!

हे भाऊ बापाच्या तेरवीनंतर फिरकले नव्हते. आता म्हणे, "दादा, तुयी लय आठवण येऊन राहिली होती." मोठ्यानं भिंतीवरून हात फिरवला. धाकटा पायऱ्या चढून गच्ची पाहून आला. घर बापाच्या नावावर होतं. हटवारनं पेढ्याला हात लावला नाही, पेढे भावांनीच खाल्ले.

मग त्यानं डोकं चालवलं. पुन्हा माहिती भरली. घर किती जुनं? शंभर वर्षं. भिंती? पडायला आलेल्या. पाणी? गळते. फोननं भाव आपटला. तो भाव त्यानं भावांना दाखवला आणि तोंड पाडून म्हणाला, "आता तिघं मिळून दुरुस्ती करू."

"आम्हाले हिस्साच नको," भाऊ म्हणाले आणि निघून गेले.

हटवार टपरीवर आला तो छाती फुगवून. चहाचे पैसे त्यानंच दिले. असं कधी होत नाही. पण भाऊ परत जाताना सगळ्या नात्यागोत्यात सांगत गेले, दादाचं घर पडून राहिलं म्हणून. हटवारच्या मुलाची सोयरीक जुळत आली होती. मुलीच्या बापानं फोन केला, "आमची पोरगी पडक्या घरात नाही देत जी."

टाईल्स दाखवायलाही तो माणूस आला नाही. दोन भाऊ घालवता घालवता हटवारची सून गेली!

*

मेश्रामचं वेगळंच. तो माणूस नेमाचा. त्यानं आपल्याही फोनमध्ये ते टाकून घराची माहिती भरली, तर फोन त्याला अधूनमधून निरोप पाठवायला लागला. एका सकाळी टपरीवर, फोन डब्यात टाकता टाकताच निरोप आला, 'तुमच्या घराची किंमत घसरली आहे.'

मेश्राम चहा टाकून घरी पळाला. आम्ही मागे. तो घराला चक्कर मारून राहिला होता. कवेलू पाहिले, पाया पाहिला, मागची भिंत पाहिली.

त्याची बायको दारात आली. "काय शोधून राहिले जी?"

"काही पडलं का व?"

"काही नाही पडलं."

"आवाज बी नाही आला?"

"तुमचाच येऊन राहिला."

पुढच्या निरोपात किंमत वाढली. मेश्राम पुन्हा चक्कर मारायला गेला, कोणी काही बांधून तर नाही ना गेलं! त्यानंतरच्या निरोपात पुन्हा घसरली. माणूस वाळला. जेवताना मधेच उठून भिंतीला हात लावायचा, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा.

मी एकदा रागावलो. "अरे, दगडमातीचं घर आहे, त्याले काय होते?"

मेश्रामनं भिंतीवर उलटा हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "अंग तर थंड आहे रे. मंग हे रोज उतरून काहून राहिलं?"

*

माझा साळा नाकाडोंगरीला राहतो. जंगलाला लागून घर. एकदा भेटीला आला, आमच्या ओसरीवर जेवत होता, तेव्हा हटवारनं हौसेनं गावाचं नाव भरून त्याच्याही घराचा भाव काढला. फोन बराच वेळ फिरत राहिला आणि म्हणाला, या ठिकाणी किंमत उपलब्ध नाही.

"म्हणजे?" साळ्यानं विचारलं.

"म्हणजे तिथी घर नाही," हटवार म्हणाला.

साळ्यानं घास ताटात ठेवला. "असं कसं नाही? बायकोले मी तिथी सोडून आलो!"

आम्ही समजावलं, फोनला आडगावचं समजत नाही. पण त्याच्या मनात भेव बसलं. रात्रभर राहणार होता, तो दुपारच्याच बसनं निघाला. जाताना चिडून म्हणाला, "वाघ कुंपणापाशी येऊन घर पाहून जाते, अन् तुमचा फोन म्हणते तिथी घरच नाही! वाघ खरा का फोन खरा?"

तो गेल्यावर मी खूप हसलो. बुढी हसली नाही. भावानं न संपवलेलं ताट उचलत म्हणाली, "त्याच्या घराले भाव नाही, तो पळत घरी गेला. आपल्या घराले भाव आहे, तर..." आणि ताट घेऊन मागे गेली. मी पुढचं विचारलं नाही.

*

यानंतर दिलीप आला. एकटाच आला, सुनेला न घेता. तिथंच मला शंका आली.

सकाळी आंघोळ करून पाहतो तर पोरगा फोन समोर धरून घरभर फिरून राहिला! ओसरीतून पुढच्या खोलीत, तिथून मागे, ढोल्याच्या खोलीत. कोपऱ्यात थांबतो, फोन वर करतो, पुन्हा सरकतो. घर मोजतोय! घराच्या आत, घरादेखत!

मी ओल्या पंच्यानं मागे धावलो. "दिल्या! घराचा भाव काढशील तर तंगडं तोडून हाती देईन! माह्या जीवात जीव आहे तोपर्यंत हे घर विकू देणार नाही!"

दिलीपनं फोनवर हात ठेवला. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. "बाबूजी, हळू! साहेबाचा फोन आहे. नेटवर्क शोधून राहिलो मी!"

आवाज गेला तो गेलाच. तेवढ्यात फोनमधून साहेब बोलला. मला स्पष्ट ऐकू आलं.

"दिलीप, गावाकडे घर विकायचं आहे का तुमचं? आधी सांगायचं ना! मी कधीपासून शोधतोय."

बुढी चुलीपाशी होती. तिचा हात तव्यावरच थांबला. मला वाटलं, तिलाही माझ्याएवढंच भेव लागलं.

दिलीप त्याच दिवशी परत गेला. निघताना पाया पडला आणि म्हणाला, "पोराची शपथ, मी तो भाव कधीच काढला नाही बाबूजी. मी फक्त म्हणतो, आईचा विचार करा."

"आईले काय झालं?" मी विचारलं. "ती इथी सुखात आहे."

*

आता शेवटचं.

थोड्या दिवसांनी माझ्या साध्या बटनाच्या फोनवर नागपूरहून एक आवाज आला. "नमस्कार काकाजी. तुमच्या मोहाडीच्या घराबद्दल बोलायचं होतं. पाहायला कधी येऊ?"

"चुकीचा नंबर आहे," मी म्हणालो.

"नाही काकाजी. समोर सिमेंटच्या दोन खोल्या, मागे कवेलूची एक. ओसरीची पायरी उंच आहे. ढोल्याच्या खोलीत ओल येते. बाथरूम मागे आहे, पेरूच्या झाडापाशी. बरोबर ना?"

पेरूचं झाड रस्त्यावरून दिसत नाही. ढोल्याच्या खोलीतली ओल तर मीही नीट पाहिली नव्हती. फोन ठेवला, उठून मागे गेलो, ढोला सरकवायला गेलो तर हलला नाही. वाकून मागे हात घातला. भिंत ओली होती.

हे घराच्या आतलं घराबाहेर कोणी नेलं?

टपरीवर गेलो आणि हटवारची गचांडीच धरली. "तू भरलं माह्या घराचं?"

"तुयी शपथ, नाही! मले तीन बेडरूमच माहीत होत्या!"

मेश्राम म्हणाला, त्याला स्वतःच्याच घराची काळजी पुरेना. शंकरनं साखरेचा डबा उघडून दाखवला, त्याच्याकडे तर सगळे फोन बंदच असतात. दिलीपला फोन लावला, वाटेल ते बोललो. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पायरी उंच आहे, हे तुम्हाले तरी माहीत होतं का बाबूजी?"

त्या दिवसापासून मी टपरीवर जाणं बंद केलं. फाटकाला साखळी घातली. ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत राहिलो. बाहेर कोणी थांबलं की उठून साखळी ओढून पाहायचो. बुढी म्हणाली, "आता घरीच आहा तर छत्री तरी धरा." दोनदा धरली. छत्रीतून तिचं एका बाजूचं अंग भिजतं, हे मला तेव्हा दिसलं.

मग एक दिवस भर दुपारी पुन्हा फोन वाजला. तोच आवाज. मी ओरडायला तोंड उघडलं.

"काकाजी, रागावू नका," तो म्हणाला. "जरा काकूंना देता का?"

मी फोन कानापासून दूर धरला. बुढी पदराला हात पुसत आतून आली. माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला.

"थांबा भाऊ," ती म्हणाली. "इथी नाही."

तिनं कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या. भिंतीला धरून ओसरीची पायरी उतरली, आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. आंगण ओलांडलं. फाटकाची साखळी काढली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली, घराकडे पाठ करून.

मी ओसरीवर कान देऊन बसलो. काही ऐकू आलं नाही. जाताना तिनं फाटक ओढून घेतलं होतं.